मुलांची विधानसभा भरवताय? मग अध्यक्ष असा निवडा

आमच्याकडे इंदूरला सुदामा नगरात गणपतीच्या दहा दिवसांत एक संध्याकाळ मुलांची असते. आधी चमचा-लिंबू, फॅन्सी ड्रेस असं चालायचं, आता तीन वर्षं झाली आम्ही त्या संध्याकाळी मुलांची विधानसभा भरवतो, सातवी ते बारावीची मुलं, खाली सतरंज्या, समोर टेबल आणि टेबलामागे शेजारच्या आजोबांची हातांची जुनी सागवानी खुर्ची. मुख्यमंत्री कोण, विरोधी पक्षनेता कोण हे मुलं पटापट ठरवून टाकतात, गाडी अडते ती अध्यक्षावर. दुसऱ्या कॉलन्यांतली मंडळीही मला नेमकं हेच विचारतात, चिठ्ठ्या टाकायच्या का, हात वर करायचे का, की मोठ्यांनीच कोणाला तरी खुर्चीवर बसवून मोकळं व्हायचं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय, खऱ्या सभागृहात कसं होतं ते आणि आपल्या हॉलमध्ये ते कसं जमवायचं ते.

मोठ्यांनी बसवून द्यायचं, हे तर आधी डोक्यातून काढून टाका. इंग्रजांच्या काळात केंद्रीय विधिमंडळाचा पहिला अध्यक्ष सरकारने नेमलेला होता, सर फ्रेडरिक व्हाइट नावाचे. मग २४ ऑगस्ट १९२५ ला सभासदांनी पहिल्यांदा स्वतः मतं देऊन आपला अध्यक्ष निवडला, विठ्ठलभाई पटेल, आणि ते किती मतांनी आले माहीत आहे का, ५८ विरुद्ध ५६. दोन मतं! पण ती सभासदांची होती, म्हणून त्या खुर्चीला वजन आलं. मुलांना मी ही गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, त्याने त्यांना कळतं की आजचं हे काम नुसतं शोभेचं नाहीये.

आता पहिल्या वर्षी आमच्याकडे काय झालं ते सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी हेच होतं. दोन नावं आली, एक अकरावीतला मुलगा आणि एक नववीतली मुलगी. मी म्हटलं, ठीक आहे, ह्याच्या बाजूने हात वर करा, आता हिच्या बाजूने हात वर करा. मुलं होती २३ आणि हात मोजले तर दोन्ही मिळून ३१. एका छोट्याला विचारलं तर तो म्हणाला, काका, दोघंही चांगले आहेत म्हणून मी दोघांना दिलं. मग परत मोजणी, मग भांडण, मग ती मुलगी रडवेली होऊन आईजवळ जाऊन बसली. ते मला फार लागलं. त्या रात्री घरी जाऊन मी लोकसभेचे नियम काढून वाचत बसलो आणि तेव्हा समजलं की आपण मुळातच चुकीचा प्रश्न विचारत होतो.

अध्यक्षाच्या निवडणुकीत "ह्या दोघांपैकी कोण" असं विचारतच नाहीत. विचारतात, "अमुक सदस्याला अध्यक्ष म्हणून निवडावं असा प्रस्ताव आहे, होय की नाही." एका वेळी एकच नाव. तो प्रस्ताव पास झाला की खेळ संपला, पुढचं नाव मताला टाकतच नाहीत. पडला तरच दुसरं नाव. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली की बाकी सगळं सोपं आहे.

आता क्रमाने.

सगळ्यात आधी प्रश्न येतो की अध्यक्ष निवडायचाय, पण निवडणूक चालवणार कोण, कारण खुर्ची तर रिकामी आहे. त्यासाठी असतो हंगामी अध्यक्ष, आपल्या भोपाळला त्याला सामयिक अध्यक्ष म्हणतात आणि पेपरात प्रोटेम स्पीकर. संविधानाच्या अनुच्छेद १८० प्रमाणे राज्यपाल त्याला नेमतात, लोकसभेसाठी राष्ट्रपती. रीत अशी की बहुतेक वेळा खूप वेळा निवडून आलेला जुना सदस्य घेतात, २०१४ ला लोकसभेत छिंदवाड्याचे कमलनाथ होते, २०२३ ला आपल्या विधानसभेत गोपाल भार्गव. तुमच्या मंडळात जो मुलगा किंवा मुलगी सगळ्यात जास्त वर्षं येतेय तिला हे काम द्या, पण ज्याचं नाव अध्यक्षासाठी येणार आहे त्याला देऊ नका.

हंगामी अध्यक्षाचं पहिलं काम शपथ. हे लोक घाईत सोडून देतात आणि ते चुकीचं आहे. शपथ झाल्याशिवाय सदस्य मत देऊ शकत नाही, आणि दिलंच तर अनुच्छेद १९३ प्रमाणे रोजचे ५०० रुपये दंड आहे. मुलांना हा दंड भलताच आवडतो, त्यामुळे उशिरा येणारी मुलंही धावत येऊन आधी शपथ घेतात मग सतरंजीवर बसतात. एक जाड रजिस्टर आणा, खजुरी बाजारात मिळतं तसं लाल कापडाच्या बांधणीचं, त्यात एकेकाची शपथेची सही घ्या. ह्या सह्यांची मोजदाद म्हणजेच तुमची मतदारयादी, वेगळी करायची गरज नाही.

कोरमचं पण इथेच बघून घ्या. राज्याच्या विधानसभेत एकूण सदस्यांच्या एक दशांश किंवा १०, ह्यातला जो आकडा मोठा तेवढे हजर पाहिजेत. मध्य प्रदेशात २३० आमदार आहेत म्हणजे २३. आमची मुलंही बरोब्बर २३ होती पहिल्या वर्षी, तेव्हा मी त्यांना म्हटलं की तुम्ही एवढे जण भोपाळला जाऊन बसलात तर सभागृह सुरू होऊ शकतं, तर सगळी अशी ताठ बसली की विचारू नका.

आता नोटीस. ह्यात जीव ओता, कारण अर्धी निवडणूक कागदावरच होते. लोकसभेचा नियम ७ सांगतो की निवडणुकीच्या आदल्या दिवशी दुपारी १२ च्या आत महासचिवांकडे लेखी सूचना द्यायची. त्या कागदावर तीन माणसं लागतात, एक जो नाव सुचवतो, दुसरा जो अनुमोदन देतो आणि तिसरा ज्याचं नाव आहे तो, आणि त्याने लिहून द्यावं लागतं की निवडून आलो तर काम करायला तयार आहे. स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही, स्वतःच्या नावाला अनुमोदनही देता येत नाही, आणि एका सदस्याने एकापेक्षा जास्त प्रस्तावांवर सही करायची नाही, सूचक म्हणूनही नाही आणि अनुमोदक म्हणूनही नाही. राज्यांच्या विधानसभांत तारीख राज्यपाल ठरवतात, बाकी साचा बराचसा असाच, महाराष्ट्राचं थोडं वेगळं आहे ते पुढे सांगतो.

आपल्या इथे १२ वाजेचं जमत नाही, मुलं शाळेत असतात, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच्या संध्याकाळच्या आरतीपर्यंतची वेळ ठेवतो. आरती सुरू झाली की डबा बंद. कागदावर वेळ लिहा. वेळ! पाच वाजून दहा मिनिटं, पाच वाजून बावीस मिनिटं, असं. कारण प्रस्ताव ज्या क्रमाने मांडले जातात त्याच क्रमाने मताला पडतात, आणि पहिला पास झाला तर दुसऱ्याचा नंबर येतच नाही. आम्ही आलेल्या वेळेप्रमाणे कागदांना आकडे टाकतो आणि ती यादी रात्रीच नोटीस बोर्डावर लावतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी "माझा कागद आधी होता" हे उरत नाही.

क्रमावरून भांडण लहान मुलांतच होतं असं नाही. ८ जानेवारी २०१९ ची गोष्ट आपल्याच विधानसभेतली आहे. काँग्रेसकडून नर्मदा प्रसाद प्रजापती, भाजपकडून विजय शाह. हंगामी अध्यक्ष होते दीपक सक्सेना. त्यांनी प्रजापतींच्या नावाचा पहिला प्रस्ताव मताला घेतला, भाजपचं म्हणणं होतं की आमच्या उमेदवाराचंही नाव सदनासमोर ठेवा, मग गोंधळ झाला, कामकाज थांबलं, भाजपचे आमदार बाहेर निघून गेले आणि नंतरच्या मतविभागणीत, म्हणजे होय-नाही मोजून घेतलेल्या मतदानात, प्रजापतींना १२० मतं मिळाली. कोण बरोबर कोण चूक ह्यावर तेव्हा घराघरात वाद झाले. मी मुलांना दोन्ही बाजू सांगतो आणि मग आमच्यापुरता एक उपाय करतो, जो तुम्हीही करा. मतदान सुरू व्हायच्या आधी हंगामी अध्यक्षाने सगळे प्रस्ताव मांडून घ्यायचे, म्हणजे प्रत्येक सूचकाने उभं राहून एका वाक्यात नाव सांगायचं, अनुमोदकाने उभं राहून अनुमोदन द्यायचं, आणि मग पहिल्यापासून मताला सुरुवात. नियम हेच म्हणतो की मांडलेले आणि अनुमोदन मिळालेले प्रस्ताव एकेक करून मताला घ्यावेत. त्याने हरणाऱ्याचंही नाव सगळ्यांच्या कानावर पडतं, रजिस्टरमध्ये चढतं, आणि कोणाला आपल्याला गाळलं असं वाटत नाही. आणि हो, सूचकाने फक्त प्रस्ताव मांडायचा, भाषण ठोकायचं नाही. मुलं इथे हमखास "माझा मित्र फार हुशार आहे" सुरू करतात, हंगामी अध्यक्षाने हात दाखवून थांबवायचं.

मग आवाजी मतदान. हंगामी अध्यक्ष म्हणेल, "प्रस्तावाला जे अनुकूल आहेत त्यांनी होय म्हणावं", मग "जे प्रतिकूल आहेत त्यांनी नाही म्हणावं", मग "माझ्या मते होयचं बहुमत आहे". इथे थांबायचं. दोन-तीन श्वास थांबायचंच, कारण ह्याच क्षणी कोणी म्हणू शकतं की आम्हाला मतविभागणी पाहिजे. कोणी मागितली नाही तर "होयचं बहुमत आहे" असं परत म्हणून निकाल जाहीर. २६ जून २०२४ ला लोकसभेत ओम बिर्ला आणि के. सुरेश समोरासमोर होते, तरी विरोधकांनी मतविभागणीचा आग्रह धरला नाही आणि हंगामी अध्यक्ष भर्तृहरी महताब यांनी आवाजी मतानेच बिर्ला निवडून आल्याचं सांगितलं. म्हणजे दोन उमेदवार असले की मोजणी होणारच असं नाही, ती मागावी लागते.

आणि मागितली तर मात्र पूर्ण करा. लोकसभेत मतविभागणीच्या आधी साडेतीन मिनिटं घंटा वाजते, बाहेर गेलेले सदस्य पळत येतात, मग दारं बंद. आमच्याकडे घंटा आरतीचीच. एक मुलगी पूर्ण साडेतीन मिनिटं ती वाजवत उभी राहते, हात दुखला तर हात बदलते पण थांबत नाही, आणि तेवढ्यात जिन्यावर खेळणारी, कोपऱ्यात मोदक खाणारी सगळी आत. मग दार लावायचं आणि एकेकाला जागेवर उभं करून मोजायचं. महाराष्ट्रात हीच पद्धत आहे, शिरगणती म्हणतात. तिथे आधी अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाने व्हायची, डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलला आणि मग ३ जुलै २०२२ ला राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ असे निवडून आले, एकेक आमदार उभा राहून स्वतःचा आकडा बोलत होता. मुलांसाठी हे उत्तम, कारण उभं राहून मोठ्याने आकडा म्हटल्यावर तोच मुलगा दुसऱ्यांदा हात वर करू शकत नाही.

गुप्त मतदान चांगलं की उघड, हा प्रश्न मोठी मुलं विचारतातच. ब्रिटनच्या संसदेत, हाउस ऑफ कॉमन्समध्ये, २००९ पासून गुप्त मतपत्रिकांनी होतं, कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली तर खालच्याला काढून परत फेरी. माझं मत विचाराल तर मुलांसाठी उघडच बरं. आपण कोणाला मत दिलं ते मित्रासमोर उभं राहून सांगता यायला पाहिजे आणि तरी दुसऱ्या दिवशी बरोबर क्रिकेट खेळता यायला पाहिजे, हे त्या वयातच अंगात मुरतं.

मतं सारखी पडली तर? हंगामी अध्यक्षाने पहिल्यांदा मत द्यायचंच नाही, ते फक्त बरोबरी झाली तर द्यायचं, निर्णायक मत. हे त्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने हात वर करून मोकळा होतो. आणि सारखी मतं ही काही लांबची गोष्ट नाही. गणेश वासुदेव मावळंकर, ज्यांचा जन्म वडोद्याचा, ते १९४६ ला केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष झाले ते ६६ विरुद्ध ६३ मतांनी, समोर सर कावसजी जहांगीर होते.

ह्याच मावळंकरांची पुढची निवडणूक मी मुलांना दरवर्षी सांगतो, आणि मला स्वतःला ती सांगताना दरवेळी भरून येतं. १५ मे १९५२, पहिली लोकसभा. मावळंकरांचं नाव नेहरूंनी सुचवलं, विरोधकांकडून ए. के. गोपालन यांनी शंकर शांताराम मोरे यांचं सुचवलं, मोरे शेतकरी कामगार पक्षाचे, सोलापूरचे. म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी दोन मराठी माणसं समोरासमोर. मावळंकर ३९४, विरोधात ५५. आणि त्या ३९४ मध्ये एक मत स्वतः मोऱ्यांचं होतं. ते म्हणाले की दोघा प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांना मत द्यायची संसदीय परंपरा आहे म्हणून मी मावळंकरांना देतो. पाडायला उभा राहिलेला माणूस उठून समोरच्याला मत देतोय! गेल्या वर्षी आमच्याकडे दहावीतली एक मुलगी उमेदवार होती, मतविभागणीत तिचा नंबर आला तेव्हा ती क्षणभर थांबली आणि समोरच्या मुलाच्या प्रस्तावाला "होय, अकरा" म्हणाली. तिला कोणीही तसं करायला सांगितलं नव्हतं. हॉल एकदम शांत झाला, मागे उभे असलेले आईवडीलसुद्धा.

एकच नाव आलं तरी हे सगळं करायचं, फक्त मोजणी लागत नाही. आपल्या ताईंचंच बघा ना. सुमित्रा महाजन, इंदूरमधून १९८९ पासून सलग आठ वेळा खासदार, ६ जून २०१४ ला लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या त्या बिनविरोध, मीरा कुमार यांच्यानंतर दुसऱ्या महिला अध्यक्ष. तरीसुद्धा प्रस्ताव मांडला गेला, नरेंद्र मोदींनी मांडला, लालकृष्ण अडवाणींनी अनुमोदन दिलं, तो मताला टाकला गेला आणि मगच जाहीर झालं. त्या दिवशी इंदुरात किती घरांत टीव्हीसमोर पेढे वाटले गेले असतील. बिनविरोध म्हणजे विचारायचंच नाही असं नाही, सभागृहाचं होय ऐकू यावंच लागतं.

निकाल लागला की सभागृह नेता आणि विरोधी पक्षनेता, दोघांनी मिळून नव्या अध्यक्षाला जागेवरून उठवून खुर्चीपर्यंत न्यायचं. दोघांनी, एकाने नाही. जो हरला तो बरोबर असेल तर आणखी चांगलं. हंगामी अध्यक्षाने उठून खुर्ची मोकळी करायची, हात जोडायचे आणि आपल्या सतरंजीवर जाऊन इतरांसारखं बसायचं. मग अभिनंदनाची भाषणं, इथे मात्र मुलांना बोलू द्या, आधी थांबवलेलं सगळं आता निघू द्या. आणि नव्या अध्यक्षाला एक गोष्ट कानात सांगा, की आता तू कुठल्याच बाजूचा नाहीस. १९६७ ला नीलम संजीव रेड्डी अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी पक्षाचा राजीनामाच देऊन टाकला होता. कायद्यात तशी सक्ती नाही, पण पक्षांतर बंदीच्या दहाव्या अनुसूचीत अध्यक्षासाठी ती सूट ठेवलेली आहे, की खुर्चीवर आल्यावर पक्ष सोडला तरी सदस्यत्व जात नाही.

वेळ असेल तर उपाध्यक्षाचीही निवडणूक घ्या, पद्धत तीच, फक्त तारीख अध्यक्ष ठरवतो. खऱ्या सभागृहात ह्याकडे दुर्लक्ष होतं हे मला पटत नाही, सतराव्या लोकसभेची २०१९ ते २०२४ अशी अख्खी पाच वर्षं उपाध्यक्षाविना गेली. आपण मुलांसमोर तरी ती जागा रिकामी ठेवू नये.

आणि कोणी विचारलं की अध्यक्ष नीट वागला नाही तर, तर उत्तर तयार ठेवा. १४ दिवसांची नोटीस देऊन त्याला हटवायचा ठराव आणता येतो, आणि तो त्या वेळच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने पास व्हावा लागतो, नुसत्या हजर असलेल्यांच्या नाही. २३० च्या २३० जागा भरलेल्या असतील तर ११६ पाहिजेत, मग त्या दिवशी सभागृहात १५० च का बसलेले असेनात. ठराव चर्चेला असताना तो खुर्चीवर बसू शकत नाही, पण सभागृहात बोलू शकतो, स्वतःची बाजू मांडू शकतो, मतही देऊ शकतो, फक्त बरोबरीचं निर्णायक मत त्याच्याकडे नसतं. आमच्या मुलांना १४ दिवस म्हटल्यावर कळलं की तोपर्यंत गणपती बाप्पा गावाला गेलेले असतील, तेव्हा त्यांनी आपसात १४ मिनिटं ठरवली आणि मी ती मंजूर केली.

शेवटी रजिस्टर. प्रस्ताव कोणता, सूचक कोण, अनुमोदक कोण, होय किती, नाही किती, किती वाजता जाहीर झालं, हे सगळं त्याच वेळी लिहून घ्या, नंतर आठवून लिहू नका. खाली हंगामी अध्यक्षाची सही, आणि तिच्या खाली नव्या अध्यक्षाची, खुर्चीवर बसल्यावरची पहिली.